सड्यावरचा दगड आणि माझा उजवा पाय

साखळी,
मंगळवार (बुधवारही असेल; कॅलेंडर समोरच्या भिंतीवर आहे आणि तिथवर चालत जाण्याची माझी सध्या तयारी नाही)

तीर्थस्वरूप सौ. सुशीलाक्का हिच्या चरणी धाकटा भाऊ अनंत याचा, गुडघा वाकत नसल्यामुळे बसल्या जागेवरून आणि आठांपैकी जेवढी अंगे हलतात तेवढ्यांनी, नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे तुझी भावजय विनिता आणि लेक संजना क्षेम आहेत. माझे काय ते पुढे येईलच. तुझ्या संधिवाताला थंडीत उतार पडला का? भाऊजींचा खोकला थांबला की तो आता घरचाच झाला? शेवग्याच्या शेंगा पाठवल्यास त्या पोचल्या. (सर्व जून निघाल्या. पण पाठवल्यास हे महत्त्वाचे.) साखळी ते शिरगाव अंतर ते केवढे, आणि हा भाऊ पत्र का लिहितो, असे तुझ्या मनात येईल. आक्का, तुमच्याकडे फोन म्हणजे काय प्रकार आहे हे तुला ठाऊक नसेल, पण आम्हाला आहे. तुला ऐकू येत नाही म्हणून सून स्पीकर लावते, ओट्यावर वारा बरा म्हणून फोन तिथे असतो, आणि समोर पाण्याच्या नळावर अर्धे शिरगाव उभे असते. मागे माझ्या मूळव्याधीची चौकशी तू फोनवर केलीस, त्यानंतर तुमच्या गावातल्या दोघांनी मला बसमध्ये उठून जागा दिली. म्हणून हे पाकीट पाववाल्या पोदेराबरोबर धाडतो आहे. उंडे पाव बाहेर ठेव, पाकीट घेऊन देवघरात जा, दार लाव आणि वाच. वाचून झाले की चुलीत घाल. गॅस असेल तर फाडून टाक.

संजनाच्या त्या स्थळाचे मी तुला अर्धे सांगितले होते. मुलगा सर्वेश, कोरगावचा, औषधांच्या कारखान्यात चांगल्या कामावर आहे. बाप बोटीवर असतो, घरी आई देवकी, काजूचा मळा, दोन म्हशी. दोघे कॉलेजात भेटली आणि त्यांनी परस्पर ठरवले. एवढे ऐकून तू म्हणालीस, मग तुझे घोडे अडले कुठे? ते अर्धे मी सांगितले नव्हते, कारण सांगायची लाज वाटली. आक्का, तो मुलगा दर रविवारी पाठीला गादी बांधून रानात जातो आणि दगडावर चढतो.

डोंगरावर नव्हे. डोंगर असता तर मी समजलो असतो, वर देऊळ तरी असते. दगडावर. दोन-तीन पुरुष उंचीचा सुटा दगड शोधायचा, दोरी न लावता हातापायांनी वर जायचे, पडले तर खाली गादी. आपल्या घराण्यात माणसे चढलेली आहेत, नाही असे नाही. नारळ पाडायला माडावर चढली, कौले परतायला छपरावर चढली, आपला शाबा मामा तर पोलिसांची जीप बघून फणसावर चढला होता आणि जेवायच्या वेळेपर्यंत उतरला नाही. पण त्या प्रत्येकाला वर काहीतरी काम होते. या मुलाला मी साधा प्रश्न केला की वर पोचल्यावर काय असते? तो म्हणाला, काही नाही काका, उतरतो. अशा मुलाच्या हातात मुलगी कशी द्यायची, तूच सांग. मी नाही म्हटले. त्याच्या आईला भेटायचेही नाही म्हटले. संजनाने आदळआपट केली नाही (ती तुझ्यावर गेली असती तर केली असती). फक्त म्हणाली, बाबा, एकदा स्वतः येऊन बघा, मग नाही म्हणा. फक्त चढायच्या फंदात पडू नका, तुम्हाला ते झेपणार नाही. रविवारी जायचे ठरले.

रविवारी सकाळी सर्वेश आणि त्याचा मित्र प्रथमेश गाडी घेऊन आले. संजनाने घावनांचा डबा दिला आणि स्वतः मागे राहिली, काम आहे म्हणाली. कोरगावात गावाच्या तोंडाशी गाडी लावून पुढे चालायचे होते. गाद्या दोन आणि माणसे तीन. सर्वेश म्हणाला, काका, तुम्ही नुसते या. आता नुसते या म्हटल्यावर मी नुसता कसा जाणार? वीज खात्यात मी पस्तीस वर्षे काढली आहेत. (बिलांच्या खिडकीमागे काढली, पण खांब रोज दिसायचे.) मी एक गादी हिसकावून पाठीला लावली. ती गादी म्हणजे आपल्या कापसाच्या गादीसारखी नव्हे, फोमची, मधोमध दुमडलेली, खांद्याला पट्टे. मागून बघणाऱ्याला फक्त गादी आणि तिला फुटलेले दोन पाय दिसतात. वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर कोणी ना कोणी बसलेले होते. एका म्हाताऱ्याने खंय चाललास म्हणून विचारले, मी वर बोट दाखवले. त्याने माझ्या वयाकडे पाहिले, गादीकडे पाहिले आणि हलक्या आवाजात सांगितले की माझेही एकदा बायकोशी असेच झाले होते, संध्याकाळपर्यंत त्या घरात घेतात. पुढच्या घरातल्या बाईने न विचारता पाणी आणून दिले आणि डोळे पुसले. वर सड्याच्या पठारावर पोचेपर्यंत मी अख्ख्या कोरगावात टाकलेला नवरा म्हणून प्रसिद्ध झालो होतो.

जागा मात्र, आक्का, सुरेख. सडा संपतो तिथे काजूच्या झाडांमागे दहा-बारा दगड पडले आहेत, एकेक घराएवढा. माणूस नाही, गाडीचा आवाज नाही. काजूला नुकता मोहोर, त्याचा तो गोडसर वास. आपल्याकडे जांभा चिरा सोडून दुसरा दगड असतो हे मला साठीत कळले. हा म्हणे वाळूचा दगड, हात फिरवला की बारीक वाळू लागते, आणि पाऊस पडून गेला की दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, ओला असताना धरलेला कंगोरा तुटतो. खरेखोटे दगड शिकलेले लोक जाणोत. मी फक्त पाहिले ते सांगतो. आधी दोघांनी गाद्या मांडल्या. मग खिशातून दात घासायचे ब्रश काढले आणि दगड घासायला लागले. हळूहळू, कोपऱ्याकोपऱ्यातून, बाळाचे दात घासावे तसे. (संजना लहान असताना तिचे दात कोणी घासले, ते विनिताला विचार. मी नाही.) मग कमरेच्या पिशवीतून पांढरी पूड काढून हाताला चोळली, घाम येऊ नये म्हणून. मग एक नंबर लहान, पायांची बोटे मुडपतील असे बूट घातले. आणि सर्वेश त्या दगडावर गेला. मी आता खोटे बोलत नाही, पाल भिंतीवर जाते तसा गेला. वर बसून खाली बघून हसला. मला मनातून बरे वाटले आणि त्याचाच राग आला.

मग त्यांनी मला घावने खायला बसवले आणि सहज म्हणून एक छोटा दगड दाखवला. याला ते बाळबोध म्हणतात, शाळेतली मुले चढतात. मी म्हटले, बघू. सर्वेश म्हणाला, काका, नको. तुला माझा स्वभाव माहीत आहे. (तू त्याला आईचा हट्ट म्हणतेस, आई त्याला बाबांचा म्हणायची.) मी धोतर सोडून पँट घालायला लागल्यापासून मला कोणी नको म्हटलेले नाही, विनिता सोडून. हाताला पूड फासली, घाईत नाक खाजले तर नाकालाही लागली, कपाळ पुसले तर कपाळालाही. प्रथमेशचे बूट घातले आणि चढलो. चढलो म्हणजे खरेच चढलो, आक्का. दीड पुरुष उंचीपर्यंत कसा गेलो ते मलाही ठाऊक नाही. तिथे पाट्याच्या वरवंट्याएवढा एक कंगोरा होता, त्यावर उजव्या पायाची बोटे ठेवली, दोन्ही हात वर एका फटीत घातले, आणि मग लक्षात आले की आता पुढे काही नाही. वर हाताला काही लागेना. खाली पाय सोडावा तर खालचे काही दिसेना, कारण मधे माझे पोट.

आणि माझा उजवा पाय हलायला लागला. मी हलवला नाही. तो आपणहून, टाच उचलून, शिवणाच्या मशीनसारखा तटतट तटतट. मग त्या पायाचे ऐकून बाकीचे अंगही थरथरायला लागले, दात वाजायला लागले. सर्वेश आणि प्रथमेश खाली धावले आणि माझ्या बुडाखाली दोन्ही हात वर करून उभे राहिले. पडणाऱ्याला गादीवर नीट वळवायचे असते म्हणून ते असे हात धरतात, हे मला नंतर कळले. वरून ते आरतीला उभे असल्यासारखे दिसत होते. मला कोणाचेच काही ऐकू येत नव्हते. भीती वाटल्यावर माणूस जे करतो ते मी केले, देवाला हाक मारली. इतक्या वर्षांत न म्हटलेले गाऱ्हाणे तोंडातून आपोआप बाहेर पडले: बा देवा म्हाराजा, ह्या सड्यावर जो कोण राखणदार आसात, तेणी ह्या लेकराक सांभाळूक व्हया.

काजूंच्या मागून पंधरा-वीस माणसे एका सुरात म्हणाली, व्हय म्हाराजा.

मी तिथेच कसा पडलो नाही हे त्या राखणदारालाच माहीत. झाले होते असे, की त्या दिवशी गावचा रोट होता. वर्षातून एकदा गावकरी सड्याच्या टोकाला येतात आणि राखणदाराला जाड भाकरीचा रोट, विडी आणि सोरो, म्हणजे गावठी दारू, देतात. ते सगळे सामान घेऊन वर आले आणि त्यांनी काय पाहिले? उघड्या दगडावर, जिथे कोणाचा पाय टेकत नाही तिथे, पांढऱ्या हातांचा, पांढऱ्या कपाळाचा एक अनोळखी म्हातारा लटकलेला. अंग घुमते आहे, पाय थरथरतो आहे, तोंडाने गाऱ्हाणे चालू आहे, आणि खाली गावचीच दोन शिकलेली पोरे हात वर करून उभी. तू असतीस तर तूही हात जोडले असतेस. अवसर, आक्का. माझ्या अंगात आले आहे असे गावाने ठरवले आणि खाली बसून घेतले.

मी सांगणार होतो की माणसानो, मी साखळीचा अनंत, बिलांच्या खिडकीचा, मला उतरवा. पण दात वाजत असताना माणसाला एवढे लांब वाक्य येत नाही. तोवर पहिला प्रश्न आलाही. एकाची पाडी आठ दिवस हरवली होती. मी जीव मुठीत धरून 'खाली' एवढेच म्हटले, त्याने ते खालच्या वाड्यावर असे धरले आणि पाया पडून धावत गेला. (पाडी सापडली. मला वाईट वाटते, पण सापडली.) दुसऱ्याने विचारले की रविवारी दुपारी आमच्या वाड्यावरची वीज का जाते? आता आक्का, हा प्रश्न ऐकल्यावर माझे दात वाजायचे क्षणभर थांबले. मी सांगितले की तारेला फांदी लागत असेल, जाऊन फांद्या बघा, आंब्याची असेल तर आधी तीच, आणि अर्ज लेखी द्या. देवाला वायरमनकीही येते हे बघून गावाने पुन्हा हात जोडले. एका म्हातारीने तर अर्जावर तिकीट लावायचे का, तेही विचारून घेतले.

आणि मग एक बाई पुढे आली. उंच, ठसठशीत, काठाची साडी, हातात नारळ. खालून सर्वेश दबक्या आवाजात मला म्हणाला, काका, ती माझी आई. म्हणजे ज्या बाईला भेटायला मी सहा महिने नकार दिला होता, ती पहिल्यांदा भेटली तेव्हा मी तिच्या डोक्याच्या वर लटकत होतो. तिने नारळ खाली ठेवला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणे मांडले. म्हणाली, "देवा म्हाराजा, चेडू माका पसंत आसा. पण तिचो बापूस अडान बसलो. चेडवाच्या सुखापरास तेका आपलो हट्ट मोठो. तेका कधी बुद्धी येतली?" वर गावाने व्हय म्हाराजा म्हटले. सगळ्यांनी. मला पाणी देऊन डोळे पुसणाऱ्या बाईनेसुद्धा.

आक्का, आयुष्यात कोणी मला माझ्याविषयी तक्रार माझ्याच पुढ्यात, नारळ ठेवून केली नव्हती. पहिल्यांदा संताप आला. देव म्हणून तिला शाप द्यावा असेही मनात आले, तेवढी सोय त्या वेळी होती. पण संतापाने मान वळवली तेव्हा पहिल्यांदा नीट खाली दिसले. प्रथमेश दमला होता, मधून मधून हात खाली घेत होता, दंड चोळत होता. सर्वेशने हात खाली घेतले नव्हते. माझा पाय हलायला लागला तेव्हापासून नाही. ऊन सरळ तोंडावर, डोळ्यांत माझ्या बुटांची वाळू पडत होती, ती पुसायलाही त्याने हात काढला नव्हता. पोटी एकच मुलगी असलेल्या बापाला आणखी काय बघायचे असते? हे मी विनितालाही सांगितलेले नाही, तुला सांगतो. मी म्हणालो, "बापूस मानतलो. मानलो म्हण." आवाज फाटला, तो गावाला देवाचाच वाटला.

पुढचे लवकर सांगतो, हात दुखतो. सर्वेश शांतपणे म्हणाला, काका, उजवी टाच खाली करा. केली. पाय एकदम थांबला, जणू कोणी बटण बंद केले. (टाच उचलली की पाय हलतो, टेकवली की थांबतो, एवढेच ते होते. मला हे आधी कोणी सांगितले असते तर पाडीचे भविष्य वाचले असते.) अवसर उतरला म्हणून गावाने नमस्कार केला. मग डावा पाय इथे, उजवा तिथे असे करत त्याने मला उतरवले, शेवटी मी गादीवर बदकन बसलो तो आडवाच झालो. गावाने माझ्या तोंडाला राखणदाराचा सोरो लावला. (आईच्या फोटोसमोर मी घेतलेली शपथ मला आठवत होती. पण तो मी प्यालो नाही, राखणदार प्याला. दोन घोट.) रोट खाऊ घातला, माझ्या पाया पडले, आणि मी गादीवर पडल्या पडल्या आशीर्वाद दिले. देवकीबाई सगळ्यांच्या शेवटी आल्या, पदर नीट घेतला, नमस्कार केला आणि निघून गेल्या. उतरताना गावातून जाताना आता ओट्यावरची माणसे उठून उभी राहात होती, आणि माझी गादी दोघा जणांनी वाहिली.

असो. बाकी सर्व ठीक. गुडघ्याला तेल चालू आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पुढच्या वेळी शेंगा कोवळ्या असतील तेव्हाच काढ.

तुझा धाकटा,
अनंत

ता. क. – आता ज्यासाठी एवढे लिहिले ते. येत्या रविवारी देवकीबाई बोलणीला आमच्याकडे येणार आहेत. मी होकार कळवला, देव बोलून बसल्यावर माझे काय चालणार? पण त्या मला बघतील, आणि दगडावरचा देव तो हाच हे ओळखतील. मग बोलणी राहतील बाजूला, देवाच्या नावाने सोंग केले म्हणून गाव मला त्याच दगडाला बांधील. संजनाचे लग्न मोडले तर मी तिला तोंड दाखवू शकणार नाही. म्हणून तू वडीलधारी या नात्याने ये, पुढे बस, सगळे बोल. मी आजारी म्हणून आतल्या खोलीत कांबळे पांघरून पडून राहतो. दाढीही वाढवायला घेतली आहे. विनिता म्हणते, दोन-तीन दिवसांत खूप वाढली, आता बापूस न दिसता चोर दिसता.

ता. क. २ – आक्का, पाकीट चिकटवायच्या आधीच देवकीबाई आज दुपारी येऊन गेल्या. न कळवता. मी कांबळे शोधत होतो तोवर खुर्चीवर बसल्याही. माझी दाढी पाहिली आणि खुदकन हसल्या. म्हणाल्या, "गावाक देव दिसलो, माका व्याही दिसलो. संजनान मोबाईलार तुमचो फोटो आधीच दाखयलेलो, पयल्याच नजरेत वळखलय. आता सगळो गाव साक्षीक आसा, शब्द फिरवूक जावचो ना." मी म्हटले, फिरवायचा कोणाला आहे? मग आम्ही चहा घेतला. बाई चांगल्या आहेत. मला चार वेळा व्याहीबुवा म्हणाल्या आणि एकदाच देवा म्हणाल्या, तेही साखर जास्त मागताना.

ता. क. ३ – आणखी एक त्या निघताना सांगून गेल्या. रोट कोणत्या रविवारी आहे हे संजनाने त्यांना आधी विचारून घेतले होते, आणि मला नेमके त्याच रविवारी सड्यावर पाठवले. दोन हट्टी माणसे उघड्यावर, गावादेखत समोरासमोर आली की तोंड चुकवू शकणार नाहीत, एवढाच तिचा बेत होता. माझे लटकणे हा वरचा नफा. विनितालाही सगळे ठाऊक होते. आता दोघी स्वयंपाकघरात हसताहेत ते मला इथवर ऐकू येते. सगळे म्हणतात, चांगले स्थळ आहे, कोरगाव काही लांब नाही, दर आठवड्याला येईल. येईल की. पण या घरात ज्याचे डोके चालते असे एकच माणूस होते, आक्का, आणि ते मी स्वतः, सगळ्या गावाच्या साक्षीने, देऊन टाकले. रविवारी बोलणीसाठी येऊ नकोस, ती झालीच आहेत. नुसती ये. त्या दिवशी घरात सगळे हसणार आहेत, माझ्याजवळ बसून रडायला माझे एक तरी माणूस पाहिजे.